मलिक अंबरचे ऋण आणि गावचे वाचनालय

बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या लासुर्ण्यासारख्या गावात वाचनालयाने काळ्या माणसांच्या इतिहासावर, त्यांच्या साहित्यावर आणि संस्कृतीवर कार्यक्रम ठेवायचे मनात आणले, तर पहिला आक्षेप राजकारणातून येणार नाही, धर्मातून येईल. आणि तो भल्या माणसाचा आक्षेप असेल. तुकोबांची पालखी बेलवडीचे रिंगण आटोपून लासुर्ण्यावरूनच अंथुर्ण्याकडे जाते. या वाटेवरच्या गावांत समतेचा विचार कीर्तनातून आणि पंगतीतून अंगवळणी पडलेला आहे. तिथला एखादा माळकरी विचारील की आत्म्याला रंग नसतो, देवाच्या दारी काळागोरा कोणी नाही, मग माणसांचा रंग पाहून त्यांचा इतिहास वेगळा काढायचा कशाला? वेगळा काढला की भेद पुन्हा जागा होणार. जो विसरायचा तोच आपण पाटीवर गिरवायचा काय? हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. त्यात वेदान्ताचा एक मोठा सिद्धान्त आहे, आणि तो खरा आहे असे मानूनच त्याला उत्तर दिले पाहिजे. माझे म्हणणे असे की आत्म्याला रंग नाही हे ज्याला पटले, त्याच्यावरच काळ्या माणसांचा इतिहास नावानिशी सांगण्याची जबाबदारी जास्त येते. आणि ती पार पाडायची गावातली योग्य जागा वाचनालय हीच आहे.

सिद्धान्त खरा असला तरी त्याचे पुढे काय झाले ते पाहावे लागते. पंढरपुरात भक्तीतल्या समतेचे अभंग सहा-सात शतके गायले गेले, आणि त्या सगळ्या काळात विठ्ठलाच्या देवळाचा दरवाजा अस्पृश्यांना बंदच होता. गाणाऱ्यांचा भाव खोटा होता असे कोणी म्हणणार नाही. पण दरवाजा अभंगाने उघडला नाही. मे १९४७ मध्ये साने गुरुजी उपोषणाला बसले तेव्हा तो उघडला. इस्लाममध्येही तेच दिसते. मक्केत गुलाम असलेले हबशी वंशाचे बिलाल हे इस्लामचे पहिले बांगी. रंगावरून माणसाची किंमत करू नये याचा याहून मोठा दाखला कोणता असेल? तरीही त्याच धर्माचे व्यापारी पुढे हजार वर्षे इथिओपियाच्या डोंगरांतून मुले पकडून आणत, तांबड्या समुद्राच्या बंदरांत विकत, आणि मुसलमान झाल्यावरही त्यांना गुलाम म्हणूनच ठेवत. अमेरिकेत सगळी देवाची लेकरे असे सांगणाऱ्या चर्चमध्ये काळ्या भाविकांना वेगळे बसवले जाई. त्या अपमानातून रिचर्ड ॲलन यांनी १८१६ मध्ये काळ्यांचे स्वतंत्र मेथडिस्ट चर्च उभे केले. तीन धर्म, तीन खंड, आणि तिन्हीकडे तत्त्व उंच असून व्यवहार खालीच राहिला. याचा अर्थ तत्त्व टाकून द्यावे असा होत नाही. ‘सगळे’ या शब्दात कोणा एकाचा चेहरा दिसत नाही, आणि ज्याचा चेहरा दिसत नाही त्याला बाहेर ठेवणे फार सोपे जाते, एवढाच त्याचा अर्थ.

संतांना हे कळत होते. म्हणून समतेची शिकवण देताना त्यांनी माणसांची नावे पुसली नाहीत. चोखोबा आपल्या अभंगांत आपली जात लपवत नाहीत. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून ते गेले आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थी शोधून पंढरपुरास आणल्या, असे परंपरा सांगते. आत्म्याला जातच नाही, मग ढिगाऱ्यातून एका महाराच्या अस्थी वेगळ्या काढण्याचा खटाटोप नामदेवांनी का करावा? तत्त्वाच्या नुसत्या भाषेत बोलायचे तर त्या मातीत कोण कोणाचे हाड ओळखणार. पण त्यांनी त्या वेचल्या, आणि महाद्वारासमोर चोखोबांची समाधी झाली, त्यांच्या नावाची. आज वारकरी नामदेवपायरीशी येतो तेव्हा ती समाधी त्याला ओलांडता येत नाही. गीतेच्या पाचव्या अध्यायात समदर्शनाची जी व्याख्या आहे तीही भेद न बघण्याची नाही. तिथे विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि कुत्र्याचे मांस शिजवून खाणारा माणूस असे एकेकाचे नाव घेतले आहे आणि मग पंडित या सगळ्यांत सम पाहतो असे म्हटले आहे. आधी पूर्ण पाहणे, मग सम पाहणे. ज्याला चांडाळ दिसलाच नाही त्याने समदर्शन केले असे म्हणता येणार नाही.

आता याला ऋणाची कल्पना जोडून पाहावी, कारण प्रश्न खरा तिथे उलगडतो. आपल्या परंपरेत माणूस ऋण घेऊनच जन्माला येतो. तैत्तिरीय संहितेत ही तीन ऋणे ब्राह्मणाची म्हणून सांगितली आहेत: ऋषींचे, देवांचे आणि पितरांचे. शतपथ ब्राह्मणात मात्र ती जो जन्मला त्या प्रत्येकाची आहेत, आणि तिथे चौथे ऋण आले आहे, माणसांचे. ऋणाचा एक स्वभाव असा की ते कुणातरी ठरावीक व्यक्तीचे असते. विकास सोसायटीचे कर्ज ‘अवघ्या मानवजातीचे’ म्हणून कोणी फेडू शकत नाही. खात्यावर नाव असते आणि त्या नावावरच भरणा होतो. म्हणून ‘सगळ्यांविषयी प्रेम’ हा भाव कितीही शुद्ध असला तरी तो ऋण फेडू शकत नाही. आधी विचारावे लागते की आपण नेमके कोणाचे देणे लागतो.

इंदापूर परगण्याने हा प्रश्न विचारला तर उत्तरात जे एक नाव यायलाच हवे ते मलिक अंबरचे आहे. सुमारे १५४८ मध्ये इथिओपियात जन्मलेला हा मुलगा, चापू नावाचा, लहानपणीच विकला गेला. मोख्याच्या बंदरातून बगदाद, तिथे मीर कासिम नावाच्या व्यापाऱ्याच्या घरी शिक्षण आणि अंबर हे नाव, आणि मग समुद्र ओलांडून दख्खन. इथे त्याला निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याने विकत घेतले. चंगीजखान स्वतः हबशी होता आणि एकेकाळचा गुलाम होता. धनी वारल्यावर अंबर मोकळा झाला, काही काळ विजापूरच्या चाकरीत राहिला, पुन्हा निजामशाहीत परतला. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगर घेतले. राज्य संपले असे सगळ्यांनी धरले, तेव्हा त्याने परांड्याला निजामशाही घराण्यातला एक मुलगा गादीवर बसवला आणि पुढची पंचवीस वर्षे अकबराच्या आणि जहांगीरच्या फौजा दख्खनच्या उंबऱ्यावर थोपवून धरल्या. जहांगीरला तो इतका सलत होता की भाल्यावर लावलेल्या अंबरच्या मस्तकावर बादशहा बाण सोडतो आहे असे चित्र दरबारी चित्रकार अबुल हसनने काढले. हे चित्रातच शक्य होते. प्रत्यक्षात अंबर कधी मोगलांच्या हाती लागला नाही. मे १६२६ मध्ये ऐंशीच्या घरात असताना तो वारला आणि खुलताबादला त्याची कबर झाली. मे २०२६ मध्ये या मृत्यूला चारशे वर्षे पूर्ण होतात.

लढाया सगळ्यांना आठवतात. ऋण मात्र बहुतेक वेळा जमाखर्चात असते. अंबरने वसुलीचा मक्ता देण्याची पद्धत मोडली. मक्तेदार सरकारात ठरलेली रक्कम भरून रयतेकडून हवे तेवढे ओरबाडत असे. त्याच्या जागी जमिनीची पाहणी करून, तिची प्रत ठरवून, पिकाच्या प्रमाणात धारा बसवण्याची व्यवस्था आली. पाटील-कुलकर्ण्यांची वतने पुन्हा नीट लावून दिली, गावगाडा उभा केला. आधी काही वर्षे धान्यात वसुली घेऊन उत्पन्नाचा अंदाज बांधायचा आणि मग त्याचे रोख रकमेत रूपांतर करायचे, अशी ती सावध रीत होती. ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात तिची वाखाणणी केली आहे. पुणे, सुपे, इंदापूर, चाकण हे परगणे पुढे शहाजीराजांच्या जहागिरीत होते, आणि दादोजी कोंडदेवांनी पुणे प्रांतात जी घडी बसवली ती मलिक अंबरच्या धाऱ्यावरच उभी होती असे इतिहासकार मानतात. स्वराज्याच्या मुलकी कारभाराची सुरुवात शोधत गेलो की एका टप्प्यावर हा हबशी भेटतोच. दोनशे वर्षांनी, १८३५-३६ च्या सुमारास, गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी जमीनमोजणीची नवी पद्धत पहिल्यांदा अमलात आणली तीही इंदापूर तालुक्यातच, आणि जुन्या धाऱ्यांचा विचार करताना इंग्रजांच्या कागदांत अंबरचे नाव पुन्हापुन्हा आले. जमिनीचा कस पाहून सारा ठरवावा, कसणाऱ्याच्या हाती पुढच्या पेरणीपुरते उरावे, हा विचार या मातीत रुजवणाऱ्यांत तो पुढे होता.

मराठ्यांचे त्याच्याशी नाते चाकरीपुरते नव्हते. इंदापूरला लढता लढता कामी आलेले मालोजीराजे ज्या निजामशाहीचे सरदार, तिचाच तो आधार. १६२४ मध्ये भातवडीला मोगल आणि आदिलशाही फौजा एकत्र आल्या, तेव्हा अंबरने तलावाचे पाणी सोडून त्यांच्या छावणीचा चिखल केला आणि त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने होते. त्यांचे धाकटे बंधू शरीफजी तिथेच पडले. कवींद्र परमानंदाने शिवछत्रपतींचे चरित्र संस्कृतात लिहिले, त्या ‘शिवभारता’त भातवडीच्या प्रसंगी अंबरचा पराक्रम मोकळ्या मनाने गौरवला आहे. छत्रपतींच्या पदरच्या कवीला जे अवघड वाटले नाही ते आपल्याला का वाटावे? आणखी एक गोष्ट इथे नोंदवावीशी वाटते. तुकोबांचा जन्म साधारणपणे १६०८ चा धरतात. म्हणजे ज्या वर्षांत देहूचा हा मुलगा वाढत होता, त्या वर्षांत अंबर निजामशाहीचा कारभार हाकत होता. रिचर्ड ईटन या इतिहासकाराने दख्खनच्या सामाजिक इतिहासावर आठ चरित्रांचे पुस्तक लिहिले, त्यात मलिक अंबरचे प्रकरण संपले की तुकोबांचे सुरू होते. लासुर्ण्यावरून पालखी जाते ती या दोघांच्याही मुलखातून जाते.

यावर दुसरा आक्षेप येतो, आणि तो पहिल्याहून जास्त मनापासूनचा असतो. ऋण मान्य, पण पितर कसे? त्याचे रक्त वेगळे, देश वेगळा, धर्म वेगळा. आपल्या पितरांत त्याला कसा बसवायचा? याचे उत्तर आपल्या कर्मकांडातच आहे. तर्पण करताना तळहातावरचे तीळमिश्रित पाणी अंगठा आणि तर्जनी यांच्यामधून, पितृतीर्थावरून, खाली सोडतात. बाप, आजा, पणजा यांची नावे झाली की विधी संपत नाही. ज्यांना पाणी द्यायला कोणी उरले नाही, जे आपले कोणी लागत नाहीत, त्यांच्यासाठीही ओंजळ सोडायची असते. पितृपंधरवड्यात निर्वंशांसाठी वेगळा पिंड असतो. माघ शुद्ध अष्टमीला भीष्मांचे तर्पण सांगितले आहे, आणि ते कुरुकुळातल्या कोणी करायचे असे नाही, सगळ्यांनी करायचे आहे, कारण त्यांना पुत्र नव्हता आणि त्यांचे करणे सगळ्यांवर होते. ज्या परंपरेने रक्ताचा संबंध नसलेल्याला पाणी देण्याची सोय विधीतच करून ठेवली, तिच्या नावाने ‘तो आपला नव्हे’ म्हणणे शोभत नाही. आणि मला वाटते पितृऋणाचा हट्ट धरण्याचीही गरज नाही. अंबरसारख्यांचे ऋण ऋषिऋणाच्या जातीचे आहे. ज्याने व्यवस्था घालून दिली, ज्याच्या बुद्धीवर पुढच्यांचे पोट चालले, तो ज्ञानाच्या वाटेने पूर्वज. ऋषिऋण रक्ताने फिटतच नाही. ते अध्ययनाने फिटते असे शास्त्र सांगते. म्हणूनच हे देणे देवळात किंवा चौकातल्या मंडपात पूर्ण फिटणार नाही. गावात अध्ययनासाठी, सगळ्या जातीधर्मांच्या माणसांसाठी, बायकांसाठी आणि पोरांसाठी उघडी असलेली जागा एकच आहे. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानंतर महाराष्ट्रात अ, ब, क, ड वर्गांची हजारो सार्वजनिक ग्रंथालये उभी राहिली, ती याच कामासाठी.

तिसरा आक्षेप असा की हे सगळे अमेरिकेचे अनुकरण आहे. तिकडे फेब्रुवारीत काळ्यांच्या इतिहासाचा महिना पाळतात, म्हणून इकडे त्याचे खूळ. या आक्षेपाला उत्तर देताना आधी त्या महिन्याचा जन्म पाहावा. गुलामगिरीत जन्मलेल्या आईबापांच्या पोटी आलेले कार्टर वुडसन हार्वर्डमध्ये इतिहासाचे डॉक्टर झाले आणि त्यांच्या लक्षात आले की ज्या समाजाचा इतिहास लिहिलेला नाही तो विचारांच्या जगात हिशेबात धरला जात नाही. १९२६ च्या फेब्रुवारीत त्यांनी इतिहासाचा एक आठवडा सुरू केला. पन्नास वर्षांनी त्याचा महिना झाला. त्याच १९२६ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतल्या १३५व्या रस्त्यावरच्या सार्वजनिक वाचनालयाने आर्तुरो शोम्बर्ग या पोर्तोरिकोत जन्मलेल्या संग्राहकाची हजारो पुस्तके, हस्तलिखिते आणि चित्रे विकत घेऊन वाचकांसाठी खुली केली. हे विद्यापीठ नव्हते, वस्तीतले वाचनालय होते. आणि त्या संग्रहातून वाढलेल्या शोम्बर्ग केंद्राने २०१३ मध्ये भारतातल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांवर प्रदर्शन भरवले, त्यात मलिक अंबर होता, जंजिऱ्याचे सिद्दी होते. हार्लेमचे वाचक ज्याला आपला म्हणून पाहायला गेले, त्याने कारभार केला तो आपल्या मुलखात. अनुकरणाचा आरोप करायचा तर कोणी कोणावर करायचा?

शिवाय काळ्या माणसांच्या मुक्तीशी नाते जोडण्याची रीत पुणे जिल्ह्याने अमेरिकेतल्या त्या आठवड्याच्या आधी अर्धशतक सुरू केली होती. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या सदाचारी लोकांना अर्पण करून. त्या अर्पणामागे एक तर्क आहे आणि तो आजही ताजा आहे: इथल्या शूद्रातिशूद्राला आपली स्थिती कळायची असेल तर त्याने जगाच्या दुसऱ्या टोकाच्या गुलामाकडे पाहावे. १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी काळ्यांचे विचारवंत ड्युबॉइस यांना पत्र लिहून अस्पृश्यांच्या आणि निग्रोंच्या स्थितीतले साम्य सांगितले आणि संयुक्त राष्ट्रसंघाकडे काळ्यांच्या वतीने गेलेल्या निवेदनाविषयी विचारणा केली. ड्युबॉइस यांनी उत्तरही दिले. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकन निग्रोंच्या साहित्यावर आणि संस्कृतीवर मराठीत स्वतंत्र ग्रंथ लिहिला. म्हणजे ही वाट मळलेली आहे. गावच्या वाचनालयात ती पोचली नाही, कारण तिच्यावरून चालणारी पुस्तके जिल्ह्याच्या आणि विद्यापीठाच्या कपाटांत अडकून राहिली.

सगळ्यात कठीण आक्षेप इतिहास जाणणाऱ्याचा असतो. तो म्हणेल, मलिक अंबरला गुलामगिरीच्या विरोधाचा नायक करू नका. त्याने स्वतः हबशी गुलाम विकत घेऊन फौज बांधली. जंजिऱ्याच्या सिद्द्यांनी कोकणपट्टी लुटली, माणसे धरून नेली, छत्रपतींना आयुष्यभर सतावले. त्या काळी माणूस स्वतःला ‘काळा’ म्हणून नव्हे, हबशी, दखनी, अमक्या धन्याचा म्हणून ओळखत होता; आजची वंशाची कल्पना मागे नेऊन त्याच्या अंगावर घालणे हा अन्यायच. यातले जवळजवळ सगळे खरे आहे, आणि खरे आहे म्हणूनच सांगितले पाहिजे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. सिद्दी म्हणजे शत्रू, हे समीकरण पन्हाळ्याच्या वेढ्यापाशीच मोडते. १६६० मध्ये वेढा घालणारा सिद्दी जौहर होता, आणि तो वेढा फोडायला नेताजी पालकरांबरोबर महाराजांच्या बाजूने धावून गेलेला सिद्दी हिलाल होता. त्या झुंजीत हिलालचा मुलगा शत्रूच्या हाती सापडला. रंगावरून बाजू ठरवण्याचा प्रकार तेव्हाही नव्हता. राहिली गुलामगिरी, तर ती परक्यांनीच आणलेली होती असे म्हणण्याचीही आपल्याला सोय नाही. पेशवाईतल्या पुण्यात कुणबिणींची खरेदीविक्री होत होती. त्यांच्या किमतीच्या नोंदी दफ्तरांत आहेत. त्या बायका बहुतेक इथल्याच होत्या. गुलामगिरीचा कायदेशीर आधार काढून घेणारा कायदा हिंदुस्थानात १८४३ मध्ये आला.

म्हणूनच मी वाचनालयाचा आग्रह धरतो. पुतळ्याला हार घातल्यावर त्याला प्रश्न विचारता येत नाही. मिरवणुकीत तर नाहीच नाही. वाचनालयात एकाच टेबलावर अंबरचा गौरव करणारे पुस्तक आणि त्याच्या गुलाम फौजेची चिकित्सा करणारे पुस्तक शेजारी ठेवता येते, आणि दोन्ही वाचून माणूस त्याचे देणे मान्य करू शकतो. ऋण मान्य करायला धनको निष्कलंक असावा लागत नाही. श्राद्धात आपण बापाचे नाव घेतो ते तो देव होता म्हणून घेत नाही. उलट, दोष माहीत असूनही नाव घेणे ही स्मरणाची अधिक प्रौढ पायरी आहे. आणि एक मोठा समाज अन्याय भोगत असताना, त्याच समाजातला एखादा सत्तेवर चढून तोच अन्याय कसा करू लागतो, हे अंबरच्या चरित्राइतके स्पष्ट क्वचितच कुठे दिसेल. हा प्रश्न फक्त हबश्यांचा नाही. आपल्या आसपासच्या सत्तेलाही तो लागू आहे, आणि गावातल्या तरुणांनी तो विचारावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.

व्यवहाराची अडचण उरते, ती लहान नाही. गावच्या वाचनालयाचे अनुदान तुटपुंजे, ग्रंथपालाचे मानधन त्याहून, आणि संध्याकाळी येणारी मुले बहुतेक स्पर्धा परीक्षेची. त्यांना मलिक अंबर एका ओळीत पुरतो: जमीन महसूल, मक्तेदारी बंद. पण कार्यक्रमाला खर्च लागतो तो वेळेचा. शिवजयंती, आंबेडकर जयंती, सत्यशोधक समाजाचा स्थापना दिवस हे सगळीकडे होतातच. १९ फेब्रुवारीच्या व्याख्यानात भातवडीची लढाई नकाशासह सांगता येईल, १४ एप्रिलला आंबेडकर-ड्युबॉइस पत्रव्यवहाराची चर्चा करता येईल, २४ सप्टेंबरला ‘गुलामगिरी’च्या अर्पणावर एक संध्याकाळ जाईल. शेतकऱ्यांसाठी अंबरचा धारा, इंग्रजांची मोजणी आणि आजचा सातबारा असे तीन टप्पे गावच्या तलाठ्यासमोर मांडले, तर नीरा डाव्या कालव्यावर ऊस पिकवणारा माणूस उठून जाणार नाही. मुलांसाठी खडकीची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची, नहर-ए-अंबरी आहे: डोंगराखालचे पाणी जमिनीच्या पोटातल्या नळांतून उताराच्या अचूक हिशेबाने शहरात आणणारी, शतकानुशतके चाललेली. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, हा ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ मध्ये सांगितलेला नियम. मराठीतली ही पुस्तके वर्षानुवर्षे आपल्या वाचकाची वाट पाहत पडून आहेत.

आणि मेलेल्यांवर थांबू नये. शतपथाने सांगितलेले चौथे ऋण जिवंत माणसांचे आहे, आणि ते निवारा आणि अन्न देऊन फेडायचे असे तिथे म्हटले आहे. आफ्रिकेतून शिकायला आलेल्या मुलांवर २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात जमावाने हल्ला केला. आपल्या शहरांत रंग पाहून खोली नाकारली जाते. सिद्दी हे काही इतिहासजमा झालेले लोक नाहीत. ते मुरूड-जंजिऱ्याच्या भागात आहेत, मुंबईच्या डोंगरीत आहेत, गुजरातेत रतनपूरच्या बावा गोरच्या दर्ग्याशी बांधलेले आहेत. उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर-हल्याळच्या रानात राहणाऱ्या सिद्द्यांत हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत, आणि त्यांची कोकणी ऐकून आपल्याकडचा माणूस चकित होईल. त्यांच्या बायका जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची जी वाकळ शिवतात ती आपल्या गोधडीची सख्खी बहीण आहे. वाचनालयाने यांच्यातल्या कोणाला बोलावले तर एक पथ्य जरूर पाळावे. सिद्दी म्हटले की धमाल नाच, असे ठरून गेले आहे. ढोल वाजवून घ्यायचे, टाळ्या द्यायच्या आणि वाटेला लावायचे. नाच त्यांचा आहे आणि तो सुंदर आहे, पण पाहुण्याला आधी व्यासपीठावर बसवून बोलू द्यावे, शिक्षणाचे, जंगलाच्या हक्काचे, शहरात नोकरी शोधतानाचे जे त्याला सांगायचे असेल ते ऐकून घ्यावे, प्रश्नोत्तरे व्हावीत, आणि त्याची रात्रीची सोय लॉजवर करण्याऐवजी कोणाच्या तरी घरी करावी.